सोमवारचा काटा

डायलिसिस युनिटच्या दाराशीच वजनकाटा असतो. चपला काढायच्या, मोबाइल आणि खिशातली चिल्लर सोबतच्या माणसाकडे द्यायची, स्वेटर असेल तर उतरवायचा आणि काट्यावर उभं राहायचं. एका सोमवारी सकाळी पावणेसातला साठीचे एक गृहस्थ उभे राहिले आणि आकडा आला ६२.१ किलो. त्यांचं ड्राय वेट, म्हणजे डायलिसिसनंतर यायला हवं ते वजन, ५८. मागे त्यांचा भाचा होता, पहिल्यांदाच सोबत आलेला, हातातल्या पिशवीत दोन शहाळी. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं न्यावं, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. सिस्टरनं पिशवीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, "दादा, हे मामांना अजिबात द्यायचं नाही हं." त्याचा चेहरा उतरला. मामा आत बेडकडे गेले तसा तो टेक्निशियनजवळ सरकला. "साहेब, खरं सांगा. मामांचं अजून किती?" टेक्निशियन फाइलमध्ये वजन लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "चार किलो वर आहेत."

त्यानं प्रश्न अर्धाच ऐकला की ऐकून टाळला, कोण जाणे. भाच्याला वर्षं विचारायची होती, उत्तर किलोत आलं. ते मनात रुतून बसलं, कारण जितका विचार करावा तितकं ते उत्तर बरोबर वाटत जातं.

"अजून किती?" हा प्रश्न त्या पॅसेजमध्ये रोज कुणी ना कुणी विचारतं. बायको विचारते ती बिलाच्या खिडकीपाशी, मुलगा विचारतो तो पार्किंगमध्ये, रुग्ण स्वतः क्वचितच विचारतो. ज्याला हिंमत होत नाही तो रात्री मोबाइलवर शोधतो आणि तिथे त्याला एक आकडा मिळतो: सरासरी पाच ते दहा वर्षं. त्याच ओळीत पुढे असतं की कित्येक जण वीस, तीस वर्षंही काढतात. पण पोटात गोळा आलेल्या माणसाची नजर पहिल्या आकड्यापुढे जात नाही. अमेरिकेतली नोंद पाहिली तर हिमोडायलिसिस सुरू केलेल्या शंभरांपैकी पाच वर्षांनी साधारण चाळीस जण हयात असतात. आकडा खरा आहे आणि वाचताना हात गार पडतात. मात्र त्या शंभरात ऐंशीच्या आजीबाई आहेत, वीस वर्षं मधुमेह आणि दोनदा हृदयविकार झालेले आजोबा आहेत, आणि किडनीला जन्मजात दोष असलेला पंचविशीतला पोरगाही आहे. सगळ्यांना एकाच परातीत कालवून काढलेली सरासरी ही. शिवाय मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असतं ते पहिल्या तीन-चार महिन्यांत, त्यातही जे धाप लागलेल्या अवस्थेत, आधी कसलीच तयारी नसताना मशीनवर आले त्यांच्यात. पहिलं वर्ष नीट पार केलेल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसाची सरासरी लावणं चूक आहे. त्याचं गणित आता वेगळं झालेलं असतं.

मुंबईत या प्रश्नाला एक फार मोठं उदाहरण आहे. आणीबाणीत अटकेत असलेले जयप्रकाश नारायण नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटले, आणि जसलोक हॉस्पिटलात त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. वय ७३. तेव्हाची मशीन आणि रक्त गाळणारे डायलायझर आजच्या मानानं ओबडधोबड होते. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन तर औषध म्हणून बाजारात यायला १९८९ साल उजाडायचं होतं. अशा काळात जेपी डायलिसिसवर जवळजवळ चार वर्षं जगले. १९७७ ची निवडणूक, सत्तांतर आणि पुढची भांडणं, सगळं त्या काळात घडलं. मार्च १९७९ मध्ये ते गेल्याची चुकीची बातमी थेट संसदेत जाहीर झाली, श्रद्धांजलीही वाहिली गेली, आणि ते जसलोकमध्ये जिवंत होते. गेले ते ८ ऑक्टोबर १९७९ ला, सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. त्या चार वर्षांना कमी म्हणायचं की जास्त, हे ती वर्षं कशात गेली त्यावरून ठरवावं असं मला वाटतं.

त्याही आधीचं उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचं. १९६० पर्यंत डायलिसिस हा काही दिवसांचा खेळ होता, कारण प्रत्येक वेळी नवी शीर आणि नवी धमनी उघडावी लागे, आणि माणसाच्या शिरा संपत. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळीचा यू आकाराचा जोड मनगटापाशी कायमचा बसवून ठेवला, आणि मार्च १९६० मध्ये बोइंगमध्ये मशिनिस्ट असलेले ३९ वर्षांचे क्लाइड शील्ड्स हे कायमस्वरूपी डायलिसिसवरचे पहिले रुग्ण ठरले. ते ११ वर्षं जगले आणि गेले ते हृदयविकारानं. साठ वर्षं उलटली तरी हे बदललेलं नाही. डायलिसिसवरची माणसं बहुतेक वेळा किडनीनं जात नाहीत. आधी हृदय थकतं, आणि त्याच्या पाठोपाठ येतो जंतुसंसर्ग.

म्हणूनच चार किलो.

हे चार किलो म्हणजे चरबी किंवा मांस नव्हे, निव्वळ पाणी. लघवी बंद झालेल्या माणसानं प्यायलेलं सगळं आतच साठतं. ते आधी घोट्यांवर उतरतं, मग रक्तदाब वाढवतं, मग फुफ्फुसात चढतं आणि रात्री दोन उशा घेऊनही झोप येत नाही. ड्राय वेट म्हणजे जास्तीचं पाणी पूर्ण काढल्यावर, सूज नसताना आणि बीपी ठीक असताना भरणारं वजन. त्याच्यावरचं जे असेल ते मशीननं काढायचं, पण मशीनला घाई करून चालत नाही. पाणी निघतं ते रक्तातून, आणि रक्तात पुन्हा भर पडते ती ऊतींमध्ये साठलेल्या पाण्यातून, सावकाश झिरपत. मशीनचा वेग झिरपण्यापेक्षा जास्त झाला की बीपी कोसळतं, जांभया येतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. मग सिस्टर पाय वर करते, शंभर-दोनशे मिली सलाइन सोडते, म्हणजे काढलेलंच पाणी परत द्यावं लागतं. दर वेळी हृदयाच्या स्नायूचा काही भाग थोडा वेळ बधिर पडतो, आणि आठवड्यामागून आठवडे असं घडत राहिलं की तो भाग कायमचा कमजोर होतो. म्हणून मर्यादा पाळायची असते ती ताशी, किलोमागे १३ मिलीची. ५८ किलोच्या माणसाचं हे तासाला ७५४ मिली होतं, चार तासांत तीन लिटरच्या जेमतेम वर. मामांनी आणले होते ४.१. तेवढं सुरक्षितपणे काढायला साडेपाच तास हवेत, आणि अकराला दुसऱ्या शिफ्टचा रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो. म्हणजे एक किलो तरी आतच राहणार, आणि पुढच्या खेपेला काटा त्याच्यावरून सुरू होणार.

एवढं पाणी येतं कुठून? घरचे म्हणतात, "अहो, पाणी मोजून देतो, दिवसाला दोन फुलपात्रं." खरंच देतात. पण तहान लावतं मीठ. पोटात आठ ग्रॅम मीठ गेलं की शरीर त्याच्यासोबत एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी मिळेपर्यंत घसा कोरडाच राहतो. दोन वेळची आमटी-भाजी, चवीला लोणच्याची फोड, एखादा पापड, संध्याकाळी फरसाण, आणि "पथ्याचं म्हणून" खारी बिस्किटं, एवढ्यात दिवसाचे आठ ग्रॅम सहज भरतात. गुरुवार ते सोमवार चार दिवस, चार लिटर. काट्यावरचा आकडा असा स्वयंपाकघरात लिहिला जातो. तहानेवर पाणी तोडण्याचा इलाज टिकत नाही, मीठ तोडण्याचा टिकतो. बर्फाचा छोटा खडा चघळणं, लिंबाची फोड जिभेला लावणं, गोळ्या पाण्याऐवजी जेवणातल्या ताकाच्या घोटाबरोबर घेणं, अशा बारीक युक्त्या जुने रुग्ण नव्यांना शिकवतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हाही तहानेवरचाच उपाय, कारण वाढलेली साखर घसा कोरडा करते. एक चूक मात्र जीव घेऊ शकते. "मीठ कमी करा" हे ऐकून घरचे दुकानातून लो-सोडियम मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. डायलिसिसच्या माणसाला ते सरळ विष आहे.

मामांची खेप आठवड्यातून दोनदा, सोमवार आणि गुरुवार. आपल्याकडे हे इतकं रुळलंय की लोकांना वाटतं डायलिसिस म्हणजे दोनदाच. निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास चालू असते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास म्हणजे १२ तास, आणि त्यातून किडनीच्या कामाचा जेमतेम दहा-पंधरा टक्के वाटा भरून निघतो. दोनदा केलं की राहिले आठ तास. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांना दोनदा चालू शकतं, त्यासाठी चोवीस तासांची लघवी मोजून, तपासून ठरवायचं असतं. आपल्याकडे ते ठरतं मशीनच्या संख्येवर, बुडालेल्या रोजावर आणि एसटीच्या वेळेवर. जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च निघतो, २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत मशीन आल्या, किडनीच्या रुग्णाला डायलिसिससाठी जाताना रेल्वेच्या तिकिटात सवलतही आहे. पण चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, सोबतच्याचाही जातो, आणि त्या दिवसाची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. मग तिसरी खेप हळूहळू गळते, आणि "आम्हाला दोनदाच सांगितलंय" हे घरातलं सत्य होऊन बसतं.

अंतराची किंमत मोजली गेलेली आहे. अमेरिकेत तीनदा डायलिसिस घेणाऱ्या ३२ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार अशा पाळ्या, म्हणजे आठवड्यातून एकदा दोन दिवसांची लांब सुट्टी. त्या सुट्टीनंतरच्या दिवशी वर्षाला शंभरी २२ च्या हिशेबानं मृत्यू झाले, एरवीच्या दिवशी १८ च्या. फरक फक्त एका जादा दिवसाचा. आपल्याकडे दोनदावाल्यांची एक सुट्टी तेवढीच लांब असते आणि दुसरी त्याहूनही मोठी. सोमवारच्या पहिल्या शिफ्टला टेक्निशियन जरा अबोल असतात, बीपीचा पट्टा दोनदा बांधतात, त्याचं कारण हेच.

उलट बाजूही पाहिली गेलीय. फ्रान्समध्ये लिऑनजवळ तासँ नावाचं गाव आहे. तिथल्या युनिटनं आठवड्यातून तीनदा चारऐवजी आठ तास, संथ गतीनं डायलिसिस करण्याची पद्धत सोडली नाही. सोबत कमी मिठाचं जेवण. १९९२ मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांत दहा वर्षांनी शंभरात पंचाहत्तर रुग्ण हयात होते, आणि बहुतेकांच्या बीपीच्या गोळ्या बंद झालेल्या होत्या. त्या काळचे रुग्ण आजच्या मानानं तरुण होते आणि त्यांच्यात मधुमेह कमी होता, हे धरूनही फरक डोळ्यांत भरतो. आठ तास मशीन देणं आपल्या युनिटांना परवडणारं नाही, मान्य. पण चार तासांचे साडेतीन होतात ते बहुधा आपल्याच हातानं. "आज जरा लवकर सोडा, लग्नाला जायचंय." दर खेपेला अर्धा तास असा सोडला तर तीन खेपांच्या वर्षात ७८ तास बुडतात, म्हणजे जवळजवळ वीस पूर्ण डायलिसिस. फाइलमध्ये मात्र एकही खेप चुकलेली दिसत नाही.

डायलिसिस पुरतंय की नाही हे तोंडाच्या चवीवरून कळत नाही, ते मोजावं लागतं. महिन्यातून एकदा रक्तातला युरिया दोनदा तपासायचा, सुरू करण्याआधी आणि संपल्यावर. आधी १४० असेल तर नंतर ४९ किंवा त्याहून खाली यायला हवा, म्हणजे किमान ६५ टक्के घट. याच मोजमापाचं दुसरं रूप म्हणजे केटी बाय व्ही, तीनदावाल्यांना प्रत्येक खेपेला किमान १.२ आणि उद्दिष्ट १.४. नंतरचा नमुना घेण्याची रीत महत्त्वाची. पंप मिनिटाला शंभर मिलीवर आणून पंधरा सेकंद थांबायचं आणि मगच रक्त काढायचं. पूर्ण वेगात काढलं तर नुकतंच स्वच्छ झालेलं रक्त परत सुईत आलेलं असू शकतं आणि रिपोर्ट खोटा छान येतो. असे खोटे छान रिपोर्ट पाहून समाधान मानलेली कुटुंबं आहेत, आणि त्यांना कुणी हे समजावलेलं नसतं याचा राग येतो.

हातावरचा फिस्टुला हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या डॉक्टरांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर त्वचेखाली एकमेकींना जोडली, आणि बाहेर लटकणाऱ्या टेफ्लॉनच्या नळ्यांची गरज संपली. धमनीचा जोर मिळाल्यावर शीर फुगते, तिची भिंत जाड होते, मग आठवड्यात सहा सुया सोसते. हे व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून फिस्टुला डायलिसिस लागण्याआधीच करून ठेवायचा असतो. इथेच आपलं अडतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळायचा राहिलेला रक्तातला कचरा, सहावर गेलेल्या माणसाला हातावरच्या ऑपरेशनचं सुचवलं की घरात कुजबुज सुरू होते, "एकदा हाताला केलं की मशीन लागणारच." काढा, भस्म, कुणा गावच्या वैद्याची पुडी, यात सहा महिने जातात आणि एका रात्री धाप लागून माणूस इमर्जन्सीत येतो. मग मानेतून कॅथेटर. ही नळी सरळ हृदयाच्या तोंडाशी पोचलेली असते, बाहेरचा जंतू आत जायला जिना तयार. थंडी वाजून ताप आला, तोही डायलिसिस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, तर तो मलेरिया नसून नळीचा असण्याची शक्यता जास्त. कॅथेटरवर राहिलेल्यांचं आयुष्य फिस्टुलावाल्यांपेक्षा कमी भरतं, हे देशोदेशी दिसलेलं आहे. फिस्टुला झाला की त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, घट्ट बांगडी-घड्याळ घालायचं नाही, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही. सकाळी दात घासायच्या आधी आणि रात्री निजताना बोटं ठेवून थरथर बघायची, मांजर गुरगुरतं तशी लागते ती. ती थांबली तर उद्याची वाट पाहायची नाही. आत धरलेली रक्ताची गाठ काही तासांत काढली तर शीर वाचते, दोन दिवसांनी बहुधा वाचत नाही.

त्या दोन शहाळ्यांकडे परत यायला हवं. एका शहाळ्यात अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असतं, डायलिसिसच्या माणसाला दिवसभरात मिळून दोन ग्रॅमच्या आसपास चालतं. आणि शहाळं एकटं येत नाही, सोबत पाव लिटरहून जास्त पाणीही आणतं. पोटॅशियम वाढल्याचं शरीर फारसं सांगत नाही. पाय जड वाटतात, जिना चढताना गुडघ्यातून बळ गेल्यासारखं होतं, नाडी मंद पडते आणि कधी कधी पुढचं लक्षण हृदय थांबणं हेच असतं. माहेरून आलेल्या, ऑफिसातल्या, शेजारच्या मायेनं आणलेल्या वस्तूंनी असे प्रसंग घडलेले आहेत. गोष्ट सांगायला जड जाते, कारण त्यात दोष कुणाचाच नसतो. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर एक फोडही नको. त्यातलं विष किडनीच्या रुग्णाच्या मेंदूवर जातं, आधी न थांबणाऱ्या उचक्या लागतात, मग भ्रम होतो. भाज्यांचं पोटॅशियम कमी करता येतं. बारीक चिरून भरपूर गरम पाण्यात दोन तास ठेवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायच्या, तेही ओतायचं. ओतून द्यायचं म्हणजे खरंच मोरीत. आपल्या स्वयंपाकघरांना भाजीचं पाणी फेकवत नाही, ते आमटीत जातं आणि सगळं मुसळ केरात.

पथ्यातली दुसरी चूक उलट्या दिशेची. मशीन लागण्याआधी डॉक्टरांनी डाळ, अंडी, पनीर कमी करायला सांगितलेलं असतं. मशीन लागल्यावर तो नियम उलटतो, कारण प्रत्येक खेपेला प्रथिनंही वाहून जातात. किलोमागे एक ते १.२ ग्रॅम, म्हणजे मामांना दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. तरी घरात जुना कागद फ्रिजला चिकटवलेला असतो, आणि माणूस वरण-भाताच्या निवळीवर वाळत जातो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली येतं. आयुष्याचा अंदाज सांगणाऱ्या सगळ्या तपासण्यांत हा साधा आकडा फार बोलका आहे, चारच्या आसपास असलेला माणूस आणि तीनच्या खाली गेलेला माणूस यांच्यात मोठं अंतर असतं. मांस झडलं की ड्राय वेटही खाली यायला हवं. ते कुणी बदललं नाही, तर काट्यावर ५८ दिसत असूनही आत दोन लिटर पाणी लपलेलं राहतं. फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या, कारण त्यांचं काम पोटातल्या अन्नावर असतं. उपाशीपोटी घेतलेली गोळी वाया जाते.

पाण्याचं आणखी एक रूप आहे, रुग्णाला न दिसणारं. मशीनमध्ये मिनिटाला अर्धा लिटर द्राव वाहतो, चार तासांत १२० लिटर, आणि त्याच्या नि रक्ताच्या मध्ये असतो केसापेक्षा पातळ पडदा. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात शेवाळाचं विष असलेलं पाणी टँकरनं येऊन नीट शुद्ध न होता मशीनमध्ये गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. मराठवाड्यात मे महिन्यात जेव्हा नळ कोरडे पडतात आणि टँकर सुरू होतात, तेव्हा आरओचा गाळ दुप्पट वेगानं साचतो, क्षार बदलतात. पहिल्या शिफ्टच्या आधी क्लोरीन-क्लोरामाइनची पट्टी आणि पाण्याचा जडपणा रोज तपासून वहीत लिहिलेला असावा. सगळ्याच बेडवरच्यांना एकाच सकाळी मळमळ, डोकेदुखी आणि वाढलेलं बीपी झालं, तर आधी पाण्याकडे पाहायचं.

हे सगळं पाळूनही काही जण लवकर जातात. ते सांगायला हवं, नाहीतर हा लेख गेलेल्यांच्या घरच्यांवर अन्याय करील. ऐंशीच्या पुढचं वय, अंथरुणाला खिळलेलं शरीर, थकलेलं हृदय, विस्मरण, असं एकत्र असेल तर मशीननं आयुष्य फारसं वाढत नाही. अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत राहून डायलिसिस सुरू केलेल्या ३,७०२ जणांचा अभ्यास २००९ मध्ये आला. वर्षभरात ५८ टक्के गेले होते, आणि आधीइतकी हालचाल टिकवून होते फक्त १३ टक्के. अशा घरात "नको" हाही उपचाराचाच एक निर्णय असू शकतो, धाप, खाज, मळमळ यांवर औषधं देत, घरच्या खाटेवर. लघवी पूर्ण बंद असलेल्या माणसानं डायलिसिस थांबवलं तर साधारण एक-दोन आठवडे उरतात. हे आधी नीट सांगितलं तर माणसं ते दिवस सोबत घालवतात. पंचविशी-तिशीतल्यांचं उलट आहे. त्यांनी मशीनला मुक्काम न समजता प्रत्यारोपणाची धडपड पहिल्या महिन्यापासून करावी. नात्यातला दाता तपासावा, नसेल तर मृत्यूनंतर दान झालेल्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी आपल्या विभागाच्या प्रतीक्षायादीत नाव घालावं. जिवंत दात्याची किडनी सरासरी पंधरा-वीस वर्षं साथ देते. आणि घरात दात्याचा प्रश्न निघाला की सगळ्यांच्या नजरा आई नाहीतर बायकोकडेच का वळतात, याचा एकदा तरी मोकळेपणानं विचार व्हावा.

त्या सोमवारी मामांचं डायलिसिस चार तास चाललं. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला. सिस्टरनं पाऊल धरून वर रेटलं, पाणी काढण्याचा वेग कमी केला. अकराला सुया निघाल्या, दहा मिनिटं बोटानं दाब देऊन पट्टी बसली. काट्यावर ५९.३. भाचा पॅसेजमध्ये अजून पिशवी घेऊन उभा होता. मामा म्हणाले, "अरे, एवढ्या लांबून आणलीस. खाली फोडून घे आणि पी. मी बसतो समोर." तो नको नको म्हणत राहिला, मग खाली गेट जवळ उसाच्या गाड्यावाल्याकडून कोयता मागून त्यानं एक शहाळं फोडून घेतलं. दुसरं वॉचमनला दिलं. मामा कट्ट्यावर बसून बघत होते, घशाची हालचाल दिसत होती त्यांच्या.

टेक्निशियन चहाला खाली आला होता. तो थांबला. "मामा, १.३ राहिलेत. शनिवारी सकाळच्या शिफ्टला एक मशीन मोकळी आहे. दर शनिवारी मिळेल, आत्ता नाव लिहिलं तर." मामा काही बोलले नाहीत. सोबतीला कोण येणार, हा विचार चेहऱ्यावर होता. भाच्यानं शहाळं खाली ठेवलं, हात पँटला पुसले.

"पहिली एसटी पावणेपाचला आहे," तो म्हणाला. "लिहा नाव."